दर आठवड्याला एक बदल, एक चाचणी: सुधारणा की नुसती ढवळाढवळ?

मोजपट्टी:
आमचा सहा जणांचा ऑनलाइन विक्रीचा व्यवसाय आहे. सव्वा वर्षापासून आम्ही एक नियम पाळतोय: दर सोमवारी एकच बदल. तो का करतोय आणि त्याने काय फरक पडेल असं वाटतंय, हे आधी वहीत लिहायचं. पुढच्या सोमवारी आकडे बघून बदल ठेवायचा की काढायचा ते ठरवायचं.

एक उदाहरण देतो. चुकीच्या पत्त्यावर पार्सल जाण्याचे प्रकार वाढले होते. सगळ्यांचं मत पडलं की पॅकिंग करणाऱ्यांचं लक्ष नाही. एका दुपारी मी टेबलापाशी नुसता उभा राहिलो. लेबलचा प्रिंटर मागच्या भिंतीला. दर पार्सलला उठायला नको म्हणून दोघंही चार-चार लेबलं एकदम काढून आणत, टेबलाच्या कडेला चिकटवून ठेवत, आणि तिथेच अदलाबदल होई. प्रिंटर टेबलावर आणला. पुढच्या महिन्यात तसं एकच पार्सल परत आलं. 'लक्ष द्या' अशी पाटी लावून हे झालं नसतं.

अनुभवी माणसाच्या अंदाजालाही परीक्षा द्यावी लागावी, असं माझं ठाम मत आहे. मायक्रोसॉफ्टमध्ये नीट चाचणी घेतलेल्या कल्पनांपैकी साधारण एक तृतीयांश कल्पनांनीच अपेक्षित सुधारणा केली; बाकीच्यांनी फरक पाडला नाही किंवा नुकसान केलं. उलटही घडतं. 2012 मध्ये त्यांच्याच बिंग या सर्च इंजिनवर जाहिरातीचं शीर्षक लांब करण्याची एक किरकोळ वाटणारी कल्पना कित्येक महिने कामांच्या यादीत तळाशी पडून होती. एका इंजिनिअरने ती करून पाहिली आणि उत्पन्न 12 टक्क्यांनी वाढलं. तिथल्या जाणकारांनाही आधी कळलं नाही, तर आपण अंदाजपंचे का चालायचं?

दशांशचिन्ह:
प्रिंटरचं मान्य. नियम अमान्य. समजा वेबसाइटवर येणाऱ्या शंभरांपैकी तिघं खरेदी करतात. एखाद्या बदलाने 3 चे 3.3 टक्के झाले का, हे भरवशाने सांगायचं तर जुना आणि नवा दोन्ही प्रकार प्रत्येकी सुमारे 50 हजार माणसांना दाखवावे लागतात. रोज 200 जण येत असतील तर एका चाचणीला 500 दिवस लागतील. तुम्ही सात दिवसांत निकाल लावताय. बिंगचं उदाहरण तुम्हाला लागूच पडत नाही, तिथे माणसांचा तुटवडा नाही.

शिवाय अजिबात परिणाम नसलेले 20 बदल नेहमीच्या 5 टक्क्यांच्या निकषावर (म्हणजे निव्वळ योगायोगाने यश दिसण्याची 5 टक्के शक्यता चालवून घेत) तपासले, तरी निदान एक 'यशस्वी' दिसण्याची शक्यता 64 टक्के असते. रोज डोकावून बघितलं आणि मनासारखे आकडे दिसताच थांबलं, तर त्याहून जास्त. आणि या आठवड्याची मागच्या आठवड्याशी तुलना कशी करता? महिन्याची सुरुवात आणि महिनाअखेर कधीच सारखी नसते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, आणि तुमच्या वहीत कावळ्याच्या नावाने नोंद होते.

मोजपट्टी:
गणित मान्य. पण छोट्या व्यवसायाने दहा टक्क्यांचा फरक शोधूच नये. 3 चे 6 टक्के होतात का, हे पाहायला प्रत्येकी सात-आठशे माणसं पुरतात. आम्ही खाते उघडण्याची सक्ती काढली तेव्हा फरक असाच डोळ्यात भरण्यासारखा होता. बटणाच्या रंगाच्या चाचण्या मात्र आम्हीही केल्या आहेत. त्या आठवड्यांचा उपयोग झाला असं आता म्हणता येत नाही.

यंत्रशाळा:
माझा आक्षेप आणखी मुळाशी आहे. उत्पादनात 22 वर्षं काढली. तिथे नव्या ऑपरेटरची पहिली खोड मोडावी लागते ती ही: पहिला नग जरा मोठा आला की सेटिंग खाली, पुढचा लहान आला की वर. त्याला वाटतं आपण सुधारतोय.

गुणवत्तातज्ज्ञ डेमिंग यासाठी नरसाळ्याचा प्रयोग दाखवत. टेबलावर एक खूण, वर नरसाळं, त्यातून गोळी सोडायची. गोळी दर वेळी खुणेच्या आसपास कुठेतरी थांबते. नरसाळं जागेवर ठेवलं तर जेवढा पसारा होतो, तेवढा होतो. पण गोळी दोन बोटं डावीकडे गेली म्हणून नरसाळं दोन बोटं उजवीकडे, असं दर वेळी सरकवत गेलात तर पसारा सुमारे 1.4 पट होतो. हात न लावता जे मिळत होतं, ते मेहनत करून बिघडवलं.

संख्याशास्त्रज्ञ शूहार्टने 1924 मध्ये नियंत्रण आलेख मांडला तो याचसाठी. आकड्याचं रोजचं वर-खाली होणं कुठलं आणि खरोखर काहीतरी बिघडल्याचं लक्षण कुठलं, हे आधी वेगळं करा. सोमवार उजाडला हे बदल करण्याचं कारण होऊ शकत नाही.

उंबरठा:
यंत्रशाळा यांच्याशी सहमत, आणि एक भर. मोजलं म्हणजे योग्य तेच मोजलं असं नाही. 1985 मध्ये कोका-कोलाने नवी चव बाजारात आणण्याआधी सुमारे 2 लाख लोकांना ती चाखवली होती. नवी चव जिंकली. बाजारात आल्यावर लोक इतके चिडले की 79 दिवसांत जुनी परत आणण्याची घोषणा करावी लागली. एका घोटाच्या चाचणीत जुन्या चवीशी असलेलं नातं मोजायची सोयच नव्हती.

मोजपट्टी:
ते उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. त्यांनी जुनं पूर्ण बंद केलं, एका फटक्यात. मी लहान आणि मागे घेता येईल अशाच बदलांबद्दल बोलतोय.

दुसरी पाळी:
मागे घेता येतो, पण कोणाला? मी एका कंपनीच्या ग्राहक सेवेत होते. दर पंधरा दिवसांनी नवी पद्धत, नवं संभाषण. एकदा ठरलं, सरासरी कॉल चार मिनिटांच्या आत आणायचा. आणला. कसा, ते कोणी विचारलं नाही. अवघड तक्रार आली की आम्ही 'नोंद केली आहे, उद्या पुन्हा फोन करा' म्हणून ठेवून देत असू. तीच माणसं दुसऱ्या दिवशी अधिक चिडून फोन करत, आणि त्यांची बोलणी आम्ही खात असू. वर बैठकीत आलेख दाखवून टाळ्या. उंटावरून शेळ्या हाकणं होतं ते.

तुमच्या प्रिंटरच्या गोष्टीत मला तुमची वही महत्त्वाची वाटत नाही, तुमचं टेबलापाशी उभं राहणं वाटतं. त्या दोघांना आधीच विचारलं असतं तर त्यांनी त्या दुपारच्या कितीतरी आधी सांगितलं असतं.

यंत्रशाळा:
हे शंभर टक्के. टोयोटात लाइनवरचा कामगार दोरी ओढून किंवा बटण दाबून मदत मागू शकतो, आणि गरज पडली तर अख्खी लाइन थांबते. तिथे सुधारणा टिकल्या त्या यामुळे, नुसत्या मोजमापाने नाही.

मोजपट्टी:
दुसरी पाळी, हे लागलं. वहीत आजवर माझंच अक्षर आहे. ती उद्या पॅकिंगच्या टेबलावर ठेवतो. सोमवारची सक्तीही काढतो.

दशांशचिन्ह:
एक आकडा द्या. एकूण किती बदल केलेत आणि त्यांतले किती मागे घेतलेत?

मोजपट्टी:
आत्ता वही घेऊन मोजले. 58 बदल. मागे घेतले 4.

दशांशचिन्ह:
मायक्रोसॉफ्टचा एक तृतीयांश तुम्हीच सांगितलात.

मोजपट्टी:
हो. म्हणजे उरलेल्या 54 मध्ये निरुपयोगी आणि कदाचित नुकसान करणारे बरेच अजून चालूच आहेत. नवा बदल तीन महिने नाही. पहिल्या पानापासून एकेक काढून बघतो, इथेच कळवेन.