मोठी ॲडव्हेंचर बाईक आणि रोजचं ऑफिस: तुमचे अनुभव लिहा

दीड वर्षापूर्वी रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० घेतली. घेताना डोळ्यासमोर स्पिती होतं. आजवर अकरा हजार किलोमीटर झाले, त्यातले नऊ हजार कोथरूड ते खराडी आणि परत.

खड्ड्यांबद्दल तक्रार नाही. पुढचं चाक २१ इंची, सस्पेन्शन लांब. ज्या खड्ड्यात स्कूटर असताना जिभेवर दात यायचे, तिथे आता नुसता हेलकावा बसतो. गाडी चालती आहे तोवर तिचं वजन जाणवतच नाही. वेग शून्यावर आला की १९६ किलो एकदम समोर उभे राहतात. पहिल्याच संध्याकाळी सोसायटीत नाक भिंतीकडे करून लावली. भिंतीकडे उतार आहे हे तोवर पायांना माहीत नव्हतं. सकाळी मागे खेचायला वॉचमनकाका आणि दूधवाला असे दोघं लागले. तेव्हापासून उलटीच लावतो. काका अजून विचारतात, "साहेब, ढकलू का?"

३९० ॲडव्हेंचर, व्ही-स्ट्रॉम, टायगर किंवा त्याहून मोठं धूड रोज शहरात हाकणाऱ्यांनी लिहा. लडाखचे फोटो नकोत. भाजी कशी आणता ते सांगा.

ठाणेकर:
भाजी टँक बॅगेत, म्हणजे पेट्रोलच्या टाकीवर बसते त्या पिशवीत. कोथिंबीर वरून डोकावते, छान दिसते.
३९० ॲडव्हेंचर, चार वर्षं, घोडबंदर ते बीकेसी. उंचीचा फायदा खरा: चार गाड्या पुढे काय चाललंय ते दिसतं. पण हँडल नेमकं एसयूव्हीच्या आरशांच्या उंचीवर येतं. स्कूटरवाले खालून सुळकन निघून जातात आणि आपण दोन आरशांच्या मध्ये अडकून बसतो. मे महिन्यात सिग्नलला रेडिएटरचा पंखा सुरू झाला की पोटऱ्या भाजतात. मी आता नव्वद सेकंदांच्या वरचा सिग्नल दिसला की सरळ इंजिन बंद करतो.
आणि मुंबईकरांची खास थट्टा म्हणजे सी लिंक, कोस्टल रोड, पूर्व मुक्त मार्ग, अटल सेतू, सगळीकडे दुचाकीला बंदी. पुण्याला जायचं तर एक्स्प्रेसवेही नाही, जुना हायवे. दिवसभर पळू शकेल अशी गाडी घ्यायची आणि बेस्टच्या बसमागे पहिल्या गिअरमध्ये रांगायचं.

नाशिककरीण:
उंची पाच फूट दोन, गाडी जुनी हिमालयन ४११. सीट ८०० मिमी, म्हणजे या जातीत बुटकीच, तरी दोन्ही पाय टेकत नाहीत. युक्ती एकच. थांबण्याआधी सीटवर डावीकडे सरकायचं, डावा पाय पूर्ण टेकवायचा, उजवा ब्रेकवर. रस्त्याचा उतार कुठल्या बाजूला आहे हे मी आता न बघता सांगते.
दोनदा पाडली, दोन्ही वेळा थांबलेलीच. एकदा पायाखाली वाळू आली, एकदा स्टँड लावलाय असं वाटलं आणि तो लावलेला नव्हता. उचलायचं तंत्र शिकून घ्या, विशेषतः बायकांनी. इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये. स्टँडच्या बाजूला पडली नसेल तर आधी स्टँड बाहेर काढून ठेवायचा. गाडीकडे पाठ करून सीटला कंबर टेकवायची, एका हातात हँडलची मूठ, दुसऱ्यात मागचा ग्रॅब रेल (मागे बसणाऱ्याने धरायची दांडी), पाठ ताठ, आणि लहान लहान पावलांनी मागे रेटत जायचं. जोर मांड्यांचा, कंबरेचा नाही. दुसऱ्या वेळी मी एकटीने उचलली, तेव्हा मदतीला आलेले तिघं जण तसेच उभे राहिले. तो दिवस माझा.

दादरवाला:
पॅनिअर, म्हणजे मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या पेट्या, शहरात लावू नका. एवढंच. तपशील रिक्षाच्या मडगार्डला विचारा.

कोल्हापूरकर:
स्पोकची चाकं, आत ट्यूब. आमच्या चौकातल्या पंक्चरवाल्यानं गाडी बघून हात जोडले, "हे चाक कोण काढणार दादा?" शेवटी मीच काढलं, त्यानं ट्यूब जोडली, पैसे मात्र पूर्ण घेतले. दुसरं म्हणजे पावसाळा. मोठ्या नक्षीचे, चिखलासाठीचे टायर घालून रुबाब केला आणि ओल्या पेव्हर ब्लॉकवर मागचं चाक नाचलं. शहरातच फिरणार असाल तर रस्त्याचेच टायर ठेवा.
आईला मागे बसवायचं म्हणजे कार्यक्रमच असतो. ती आधी ओट्यावर चढते, मग गाडीवर. म्हणते, घोड्यापेक्षा उंच आहे.

लंडनवासी:
इथे उलटा अनुभव. बीएमडब्ल्यू आर १२५० जीएस, २४९ किलो, रोज ऑफिसला. गाड्यांच्या मधून पुढे जाणं इथे कायदेशीर आहे, शहरातल्या बऱ्याच बस लेनमध्ये मोटारसायकल चालते, कंजेशन चार्जही (शहराच्या मध्यभागी गाडी आणायचं शुल्क) नाही. उन्हाचा प्रश्न नाहीच, गरम मुठी मात्र वर्षातले सहा महिने सुरू असतात. डोकेदुखी चोरांची. दोन कुलुपं, जमिनीतली कडी, वर कव्हर. रोज सकाळी हे सोडवायला सात मिनिटं. पुण्यात माझी जुनी गाडी नुसत्या हँडल लॉकवर उभी असायची, ते आठवतं.

माजी व्ही-स्ट्रॉमवाला:
विकली. ६५० होती, २१६ किलो. गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आता ११० सीसी स्कूटर आहे, पायात दळणाचा डबा मावतो. खड्डा आला की व्ही-स्ट्रॉमची आठवण येते, म्हणजे दिवसातून चाळीसदा.

कोथरूडकर (धागाकर्ता):
नाशिककरीणताई, तुमची पद्धत रविवारी पार्किंगमध्ये गादी टाकून करून पाहिली. जमली, पण तिसऱ्या प्रयत्नात. वॉचमनकाका खुर्ची घेऊन बसले होते.
सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांवर जीएसटी ४० टक्के झालाय, त्यामुळे नवीन घेणाऱ्यांनी हिशोब नीट करा. माझी शहरात लिटरला सव्वीस देते. हे आधीच लिहून ठेवतो, कारण प्रत्येक सिग्नलला कोणीतरी काच खाली करून तेच विचारतं.
ठाणेकर, ती टँक बॅग चुंबकाची की पट्ट्याची?