परिक्रमेत 'घेणं' कसं जमवलंत? मदत हवी आहे

नर्मदे हर! ओंकारेश्वरहून पायी परिक्रमा उचलून 19 दिवस झालेत. मैया उजव्या हाताला ठेवायची, पात्र ओलांडायचं नाही, हे नियम अंगवळणी पडले. (पायाच्या फोडांबद्दल बोलायला नको.) अवघड जातंय ते घेणं. काल एका आजींनी चुलीवरचा टिक्कड (जाड रोटी) थेट हातावर ठेवला. कडेला राख, बोटांना चटका. सवयीने माझा हात खिशात गेला आणि त्यांचा चेहराच उतरला. तीस वर्षं पगारावर जगलो, कुणाचं फुकट खाल्लं नाही, असा माज होता बहुधा. परिक्रमा केलेल्यांनो, तुमचा हा संकोच कधी, कसा गेला? आणि समुद्रापर्यंत पोचेस्तोवर पाठीवरचं काय काय कमी केलंत?