शेजारचं वारूळ, लांबचं वारूळ: मुंग्या कोणावर जास्त चिडतात?

प्रश्न
एकाच जातीच्या मुंग्या. ३ मीटरवरच्या वारुळातली मुंगी समोर सोडली तर मिशांनी चाचपणी होते आणि दोघी बाजूला होतात. १०० मीटरवरची आणली की लगेच जबडे उघडून झोंबाझोंबी. पानं शिवून घरटी करणाऱ्या लाल मुंग्यांत मात्र शेजाऱ्यांवरच जास्त राग. ओळखायची रीत एकच असेल तर वागणं उलटं का? आणि पेट्री डिशमध्ये (झाकणाच्या उथळ बशीत) एकास एक चाचणी पुरेशी आहे का?

प्रतिसाद १
ओळख आणि राग वेगळे धरा. ओळख पटते ती अंगावरच्या मेणचट थरातल्या हायड्रोकार्बनांवरून, म्हणजे फक्त कार्बन आणि हायड्रोजनच्या द्रव्यांवरून. साधारण २० ते ४० कार्बनच्या साखळ्या. सरळ साखळ्या मुख्यतः अंगातलं पाणी राखतात, ओळखीला फांद्या फुटलेल्या आणि दुहेरी बंधाच्या जास्त उपयोगी. एका जातीच्या वसाहतींत द्रव्यं बहुतेक तीच, प्रमाण निरनिराळं. एकमेकींना चाटताना, तोंडातून अन्न देताना हे सगळं डोक्यातल्या एका ग्रंथीत मिसळतं आणि वसाहतीचा सामाईक वास तयार होतो. कोशातून नुकत्याच निघालेल्या मुंगीवर हा थर फार थोडा असतो, त्यामुळे परक्या घरातही ती बऱ्याचदा खपून जाते. फिकट रंगाच्या कोवळ्या मुंग्या चाचणीत घेतल्या तर निकाल फसतो.

२००५ साली कॅम्पोनोटस जॅपोनिकस या मुंगळ्याच्या मिशीवर असे संवेदी केस सापडले, जे परक्या वसाहतीच्या वासालाच प्रतिसाद देतात. पुढे त्याच्याच गटातल्या कॅम्पोनोटस फ्लोरिडॅनसमध्ये घरचा वासही मेंदूपर्यंत पोचताना दिसला. म्हणून सगळी निवड मिशीतच होते असं मला वाटत नाही.

प्रतिसाद २
राग ठरतो तो कोण काय हिरावू शकतं यावर. हद्द ठरून गेली असेल तर रोज लढण्यात कामकरी फुकट मरतात, आणि वारंवार भेटणाऱ्या वासाची सवयही होते. लाल मुंग्यांची (इकोफिला स्मॅराग्डिना) झाडं बळकावू शकतो तो शेजारीच. लांबून भरकटून आलेली एकटी मुंगी काय नेणार? सहारातल्या कॅटाग्लिफिस फोर्टिस या मुंगीमध्येही शेजाऱ्यांशीच वैर जास्त.

मायर्मेकोसिस्टस मिमिकस ही काही कामकरींच्या पोटात मध साठवणारी मुंगी तर शेजाऱ्याची ताकद आजमावते. शेकडो कामकरी पाय ताणून उंच होतात, एकमेकींभोवती फिरत मिशांनी बडवतात. मरतात फार थोड्या. एक बाजू फारच दुबळी निघाली तर मात्र तिचं वारूळ लुटलं जातं, अळ्या आणि मधाने फुगलेल्या कामकरींसकट.

प्रतिसाद ३
प्रश्नातच एक खाच आहे. शेजारी सवयीचे म्हणून सोसले जातात, की सारख्या अन्नामुळे आणि नात्यामुळे त्यांचा वासच जवळचा असतो? तुमच्या चाचणीतून हे कळत नाही. अन्नाचा परिणाम साधा नाही: अर्जेंटाइन मुंग्यांना एका जातीची झुरळं खायला दिली तेव्हा झुरळांचे हायड्रोकार्बन अंगावर येऊन एकाच वसाहतीतल्या मुंग्या आपसात भिडल्या.

दोन लांबच्या वसाहती बारीक जाळीच्या दोन बाजूंना ठेवा, प्रत्येकीचं अन्न पूर्वीचंच. काही आठवड्यांनी चाचणी घ्या, आणि जाळीपलीकडे कधीच नसलेल्या तिसऱ्या वसाहतीविरुद्धही घ्या. तिच्यावरचा रागही उतरला असेल तर ती शेजाऱ्याची सवय नव्हे.

चाचणी अशी: ५ सेंमीची डिश, कडेला अल्कोहोलमध्ये कालवलेली टाल्कम पावडर, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. दोघींना वेगळ्या झाकणांखाली ५ मिनिटं ठेवा, मग ५ मिनिटं निरीक्षण. गुण ० ते ४: दुर्लक्ष, मिशांनी चाचपणी, माघार, जबडे उघडणं, झटापट. प्रत्येक जोडीच्या किमान १० फेऱ्या, एक मुंगी एकदाच, आणि घरच्याच दोघींच्या फेऱ्या हव्यातच. गुण देणाऱ्याला मुंगी कुठली हे माहीत नसावं.

प्रतिसाद ४
दोन गोष्टी राहिल्या. चिमट्याने दाबलेली मुंगी धोक्याचा वास सोडते आणि मग घरच्या मुंग्याही चिडलेल्या दिसतात. मऊ कुंचल्यावर चढवून घ्या, दर फेरीनंतर डिश अल्कोहोलने पुसा. दुसरं, घरापासून तुटलेली एकटी मुंगी लढण्यापेक्षा पळ काढते. एकास एकमध्ये काहीच दिसलं नाही तर पाचास पाच लावून बघा.