शब्दचर्चा : ‘ओल्ड मनी’साठी ‘गर्भश्रीमंत’ चालेल का?

अनुवादिनी, पर्वरी
गोव्यातल्या दोनापावलच्या बंगल्यांवरचा एक इंग्रजी लेख रविवारच्या पुरवणीसाठी मराठीत करते आहे. एका वाक्यापाशी तीन दिवस अडलेय. वाक्याचा कर्ताच ‘ओल्ड मनी’, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची श्रीमंती, आहे : ओल्ड मनी स्वतःचं फाटक रंगवत नाही, न्यू मनी दर दिवाळीला रंगवतं. मागे एकदा घाईत ‘जुना पैसा’ लिहिलं होतं. एका वाचकाने फोन करून विचारलं, २०१६ साली रद्द झालेल्या नोटा लोकांनी अजून ठेवल्यात का? म्हणून या वेळी ‘गर्भश्रीमंत’ आणि ‘नवश्रीमंत’ लिहिलं. संपादक म्हणतात, गर्भश्रीमंत म्हणजे नुसता अतिश्रीमंत, नवा की जुना हा प्रश्नच नाही. माझी आई मात्र श्रीमंतीत जन्मलेल्यालाच गर्भश्रीमंत म्हणायची. कोण बरोबर?

म्हापशाचे मास्तर
तुमच्या आई बरोबर. आईच्या पोटात असल्यापासून श्रीमंत तो गर्भश्रीमंत, जन्मदरिद्रीच्या नेमका उलट. अलीकडे कुणाला लॉटरी लागली की ‘रातोरात गर्भश्रीमंत’ लिहितात. जन्मल्यावर कुणाला गर्भश्रीमंत होता येत नाही, एवढं तरी लिहिणाऱ्याने पाहावं.
‘नवश्रीमंत’ मला पटत नाही. ‘श्रीमंत’ हा नुसत्या पैशाचा शब्द नव्हे. पेशव्यांच्या नावाआधी तो मान म्हणून लागायचा. मान नवा-जुना नसतो.

वाळपईकर
तयार शब्द असताना कशाला शोधाशोध? ‘नवकोट नारायण’. नव म्हणजे नवा. नव्याने कोटी कमावलेला.

म्हापशाचे मास्तर
नव म्हणजे नऊ. नऊ कोटींचा धनी. जुन्या-नव्याशी त्याचा काही संबंध नाही.

वाळपईकर
मास्तर, आमच्या भागात खाणी जोरात होत्या तेव्हा ज्याचे एकाचे चार ट्रक झाले त्यालाच नवकोट नारायण म्हणायचे. पिढीजात पैसेवाल्याला तसं म्हटलेलं मी आयुष्यात ऐकलं नाही. २०१२ला खाणी बंद पडल्या, ट्रक दारात गंजले, तेव्हा तो शब्दही बंद झाला. अख्खा तालुका एका अर्थाने शब्द वापरतो, तर तो अर्थ नाही का?

म्हापशाचे मास्तर
अख्खा तालुका वापरतो म्हणून नवाचे नऊ पुसले जात नाहीत.

सांगेची सून
माझं माहेर कोल्हापूरकडचं. आम्ही ‘खानदानी’ नाहीतर ‘घरंदाज’ म्हणू. सासूबाई ‘तालेवार’ म्हणतात. घरंदाजमध्ये पैसा थोडा मागे राहतो आणि वागणं पुढे येतं, तुमच्या वाक्याला तेच हवंय असं वाटतं.

फोंड्याचं दुकान
तालेवार नको. तो अरबी-फारसीतून आलाय, ताले म्हणजे नशीब. नशीब उघडलेला तो तालेवार, म्हणजे मुळाने पाहिलं तर नवा पैसाच. जुन्यासाठी ‘मातब्बर’ घ्या. तोही अरबीच, पण अर्थ विश्वासाचा, ज्याच्या शब्दावर भरवसा ठेवावा असा.
आजोबांचं बाजारात कापडाचं दुकान होतं. त्यांच्या लेखी गिऱ्हाइकं दोनच, वहीतली आणि रोखीची. मातब्बर घराचा माणूस आला की आजोबा भाव न सांगता ठाण उलगडायचे, कापड वहीवर जायचं, पैसे भातकापणीनंतर नाहीतर नारळ पाडले की. कुवेतहून आलेला माणूस काउंटरवर नोटा मोजून ठेवायचा, त्याला ते आधी भाव सांगायचे. मी लहानपणी गल्ल्याशेजारी बसून हे रोज पाहिलंय. आता वाटतं, दुकान चालत होतं ते रोखीच्या माणसावर. एका मातब्बर घराची बाकी अजून त्या वहीत आहे, लाल शाईने पुढे ओढत आणलेली. तरी मान कुणाला मिळायचा ते सांगायला नको. म्हणून माझ्या मते पैशाचं वय महत्त्वाचं नाही, पत महत्त्वाची. ‘पतवाले’ बसेल का वाक्यात?

अनुवादिनी, पर्वरी
पतवाले म्हटलं की पतसंस्था आठवते हो. मातब्बर आवडला. पण मातब्बर माणूस नवाही असू शकतो ना?

बोर्डा, मडगाव
आमची आजी पोर्तुगीज शाळेत शिकलेली. ती ‘नोवु रिकु’ म्हणायची, शब्दशः नवा श्रीमंत. तेव्हा मास्तर, नवश्रीमंत ही काही मराठीचीच चूक नाही, जगभर लोकांना हा शब्द लागलाच. जुन्यांसाठी आजीकडे ‘फिदाल्ग’ होता. त्याचं मूळ ‘फिल्यु द आल्गु’, म्हणजे ‘कशाचा तरी मुलगा’. बाप काहीतरी होता एवढंच त्यात आहे, मुलगा काय करतो याचा पत्ता नाही.
आणि त्या फाटकाबद्दल. लेखकाने त्याला अभिरुची ठरवलंय, ते मला खरं वाटत नाही. आमच्याकडे वारशाचे नियम १८६७च्या पोर्तुगीज नागरी कायद्याच्या परंपरेतले. बापाला निम्म्याहून जास्त मालमत्ता मर्जीने वाटता येत नाही, उरलेलं सगळ्या मुलांचं, मुलींचंही, सारख्या वाट्याने. तीन पिढ्यांत एका घराला वीसेक धनी होतात. एक लिस्बनला, दोन कॅनडात, एकाचा पत्ताच नाही. इन्व्हेंतार, म्हणजे वारसांच्या वाटणीचं प्रकरण, कोर्टात पडून. आमच्या मामाच्या घराची शिंपल्यांची तावदानं गळून पडली, कौलांवर शेवाळ चढलं, कारण रंगाऱ्याला पैसे कोणी द्यायचे हेच ठरत नव्हतं. शेवटी दिल्लीच्या एका कुटुंबाने ते विकत घेतलं. त्यांनी बाहेरची भिंत मुद्दाम पोपडे आल्यासारखी करून घेतली आणि फाटक गंजलेलंच ठेवलं. आता सांगा, त्या फाटकामागे कुठला पैसा आहे?

वाळपईकर
हे आसगाव, मयडे, शिवोली सगळीकडे झालंय. मग ‘जुनं घर, नवा पैसा’ असंच लिहा.

मुंडकाराचा नातू
इतके शब्द आले, पण गोव्यात या माणसांसाठी वापरात असलेला शब्द कोणीच काढला नाही. भाटकार, म्हणजे जमीनदार. दोनापावल असो नाहीतर हळदोणे, गोव्यात जुनी श्रीमंती म्हणजे जमीन. आणि त्या जमिनीवर दुसऱ्या कुणाचं तरी झोपडं होतं. आमचं होतं.
आजोबा भाटकाराचे माड राखायचे. पावसाळ्याआधी छपरावर नवी झापं घालायची तरी विचारायला जावं लागे. ‘भाटकार आयला’ म्हटलं की आजी चुलीवरचं तसंच टाकून बाहेर येऊन उभी राहायची, आजोबा डोक्याचा पंचा काढून हातात घ्यायचे. बलकांवाला, म्हणजे घरापुढच्या ओसरीला, पाच पायऱ्या होत्या. आजोबा खालच्या पायरीपाशी थांबत. भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारा तो मुंडकार. वडील १९७५च्या मुंडकार कायद्याचा कागद घेऊन गेले तेव्हा पाचही पायऱ्या चढले. ती गोष्ट ते अजून सांगतात, दरवेळी पायऱ्या मोजून.
तुम्ही खानदानी, घरंदाज, मातब्बर म्हणता तेव्हा हे सगळं त्या शब्दात झाकलं जातं. मला त्याचा त्रास होतो, म्हणून लिहिलं.

हळदोणेची
मी भाटकाराच्या घरातली. तुमचं वाचून वाईट वाटलं, आणि ते खोटं नाही. पण भाटकार म्हणजे ओल्ड मनी हे समीकरण आमच्या घरात तरी बसत नाही. १९६४च्या कूळ कायद्यानंतर शेतं हळूहळू कुळांकडे गेली. बाबांनी सरकारी कचेरीत कारकुनी केली. मोठ्या जेवणघरात आम्ही चौघं पेज जेवायचो आणि दारात आलेला माणूस तरी ‘भाटकारबाय’ म्हणायचा. पैसा गेला, शब्द राहिला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ मी घरात पाहिलाय. आईने शिसवी कपाट विकलं ते रात्री, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून.

मुंडकाराचा नातू
ताई, पेज आम्हीही जेवायचो. तुमच्या घराला पडवी होती आणि कागदावर नाव होतं, फरक तेवढाच. कायदा ‘कसेल त्याची जमीन’ म्हणाला म्हणून आम्हाला काही मिळालं.

फोंड्याचं दुकान
तो कूळ कायदा झाला तेव्हा मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर. स्वतः खाणमालक. त्या काळच्या भाटकारांच्या नजरेत खाणीचा पैसा नवाच होता. आज खाणमालकांची घरं जुन्यात मोडतात. मग किती पिढ्यांनी नवा पैसा जुना होतो?

म्हापशाचे मास्तर
आपण शब्दावर बोलत होतो. ‘भाटकार’ कोकणी आहे, मराठी लेखात तो कसा चालेल?

मुंडकाराचा नातू
मास्तर, १९७५च्या कायद्याचं मराठी भाषांतर करायला बसलात तर भाटकार आणि मुंडकार सोडून काय लिहाल? गोव्याची मराठी ती हीच.

वाळपईकर
पण पुण्याचा वाचक भाट म्हणजे राजाची स्तुती गाणारा समजेल.

बोर्डा, मडगाव
समजू दे, एक ओळ खुलासा टाकायचा. भाट म्हणजे माडांची बागायत. तुमच्या सत्तरी तालुक्यात कुळागर म्हणतात ना, तसं.

वाळपईकर
नाही, नाही. कुळागर वेगळं. कुळागरात पोफळी, केळी, मिरवेली, आणि पाण्याचा पाट लागतो. भाट कोरडंही असतं. दोन्ही एक करू नका.

अनुवादिनी, पर्वरी
लेख काल पाठवला. ‘पिढीजात घरं फाटक रंगवत नाहीत’ असं केलंय, कर्ता पैशाऐवजी घर. बोर्ड्याच्या दादांनी सांगितलेलं कारण मूळ लेखात नसल्याने घालता आलं नाही, ते सलतंय. ‘भाटकार’ एका ठिकाणी ठेवलाय, संपादक राहू देतात का बघू. आणखी एक, नातू किंवा हळदोणेच्या ताई सांगतील : बलकांवात दोन्ही बाजूंना बसायला बांधलेले कट्टे असतात त्यांना नेमकं काय म्हणतात? पुढच्या लेखात लागेल.

हळदोणेची
सोपो.

सांगेची सून
आमच्या कोल्हापूरकडे सोपा म्हणजे घराचा पुढचा भाग, जिथे पाहुणे बसतात. कट्ट्याला आम्ही सोपा म्हणत नाही.

वाळपईकर
सोफ्यावरून आला असेल. पोर्तुगीजांनीच आणला.

म्हापशाचे मास्तर
कोल्हापूरच्या वाड्यात पोर्तुगीज कुठून आले? थांबा, संध्याकाळी कोश काढून बसतो.