एल्गिगित्गिन सरोवर: पाण्याचा हिशेब जुळत नाहीये, जाणकारांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी बुलढाणा जिल्ह्यात अकरावी-बारावीला भूगोल शिकवतो. लोणार जवळच, त्यामुळे उल्कापाताने झालेली सरोवरं हा विषय दरवर्षी निघतोच. यंदा लोणारच्या जोडीला रशियाच्या चुकोटका भागातलं एल्गिगित्गिन घ्यायचं ठरवलंय. आर्क्टिक वृत्ताच्या थोडं उत्तरेला, आसपास वस्ती नाही की रस्ता नाही. लोणार बेसॉल्टमधलं, हेही ज्वालामुखीच्या खडकातलंच, फक्त तिथला खडक जास्त सिलिकायुक्त. उल्का पडली सुमारे 36 लाख वर्षांपूर्वी. विवर 18 किमी व्यासाचं, सरोवर 12 किमीचं, खोली 170 मीटरच्या आसपास. हिमयुगांतही यावर हिमनदी चढली नाही, म्हणून तळाचा गाळ खरवडला गेला नाही. 2009 मध्ये गोठलेल्या सरोवरावर यंत्र उभं करून तळाला भोक पाडलं, तेव्हा खडक लागेपर्यंत 318 मीटर गाळ निघाला.

इथवर सगळं छान. अडलंय ते पाण्यापाशी.

सरोवरात पाणी 14.1 घन किमी. आपल्या भाषेत जवळजवळ 500 टीएमसी, म्हणजे पावणेपाच कोयना. 2003 च्या उन्हाळ्यात तिथे जाऊन ओढे मोजणाऱ्यांचा अंदाज असा की सरोवरातलं पाणी बदलायला सुमारे 100 वर्षं लागतात. मग वर्षाला 5 टीएमसी आत यायला हवं आणि तेवढंच बाहेर जायला हवं. पाणलोट क्षेत्र सरोवर धरून फक्त 293 चौ. किमी. भागाकार केला तर सगळ्या पाणलोटावर 480 मिमी पाणी पडायला हवं. आणि तिथल्या स्वयंचलित केंद्रावर पावसाची नोंद वर्षाला 70 ते 200 मिमी! चांगल्या वर्षीही 2 टीएमसीच भरतात. त्यात बाष्पीभवन मी धरलेलंच नाही. उरलेले 3 टीएमसी कुठून आणायचे?

दुसरं कोडं बाहेर जाणाऱ्या पाण्याचं. एन्मिवाम नावाची एकच नदी सरोवरातून निघते, पण त्याच अभ्यासात म्हटलंय की नदीपेक्षा जास्त पाणी जमिनीखालून जातं. अहो, तिथली जमीन शेकडो मीटर खोलवर कायमची गोठलेली. बर्फाच्या दगडातून पाणी झिरपणार कसं?

तिसरं, गाळ. पन्नासेक ओढे येऊन मिळतात, पण त्यांना खरं पाणी जूनच्या उत्तरार्धात बर्फ वितळतं तेव्हा जेमतेम तीन आठवडे. त्यातही ओढ्यांच्या मुखाशी लाटांनी गोट्यांचे बांध घातलेत, मागे डबकी साठतात. मग गाळ तिथेच बसत असेल ना? मधोमध 318 मीटर थर कशाने साठला? आणि 318 भागिले 36 लाख अशी सरासरी मुलांना दिली तर चालेल का?

आगाऊ आभार.

कालवा_चौकीदार:
सर, पहिल्याचं उत्तर सरळ आहे. तुम्ही पाऊस मोजलात, बर्फ मोजलाच नाही. साधं पर्जन्यमापक हिमवर्षाव नीट पकडत नाही, वाऱ्यात तर फारच कमी. तिथे वर्षाची सरासरी उणे 10 अंशांच्या आसपास, म्हणजे बहुतेक महिने पडतं ते बर्फच. शिवाय वारा पठारावरचा भुसभुशीत बर्फ उचलून विवराच्या उतारावर आणून टाकतो. पाणलोटाची रेघ पाण्याला लागू, उडत्या बर्फाला नाही. उलट काही बर्फ न वितळताच हवेत विरतो, तोही वजा करा. सगळे 3 टीएमसी यातून निघतील असं मी छातीठोक सांगणार नाही. एका हंगामाच्या मोजमापावरून काढलेली 100 वर्षं ही ताणून घेण्यासारखीच संख्या आहे. आमच्याकडे रोज गेजवाचन (पाण्याच्या पातळीची नोंद) होऊनही धरणाचा ताळेबंद जुळवताना घाम फुटतो, तिथे तर काय!

टेथिस_काठी:
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. जमीन गोठलेली आहे, पण सरोवराखालची नाही. एवढ्या खोल पाण्याचा तळ हिवाळ्यातही गोठत नाही. वरचा बर्फ दीड-दोन मीटरचा, खाली सगळं द्रव. लाखो वर्षं तळाला ती ऊब लागल्याने खालची जमीन न गोठलेली राहते, तिला टालिक म्हणतात. उल्केने खडक भेगाळून ठेवलेला आहेच. पण विवराबाहेर पाणी नेमकं कुठल्या वाटेने पडतं, ते मोजणं फार अवघड.

याला एक चांगला ताळा तुमच्या दारातच आहे. लोणारला बाहेर जायची वाट नाही, पाणी वाफ होऊनच जातं आणि क्षार मागे राहतात. म्हणून ते इतकं खारं. एल्गिगित्गिनचं पाणी अगदी मऊ, क्षार नावाला. म्हणजे पाणी द्रवरूपातच बाहेर पडतंय, क्षार सोबत घेऊन. नदी तर वर्षातला मोठा काळ गोठलेली, म्हणून जमिनीखालची वाट पटते. मुलांना दोन्हींची क्षारता शेजारी शेजारी दाखवा, आकडेमोडीआधी हेच पटेल.

गाळाबद्दल: सरासरी देऊ नका. वर्षाला 0.09 मिमी येते खरी, पण सुरुवातीच्या उबदार काळात थर कितीतरी भराभर साठले, नंतरच्या थंडीत वेग खूप पडला. आणि तळात फक्त ओढ्यांची माती नाही. डायटम शेवाळांची सिलिकाची कवचं भरपूर आहेत, थोडी वाऱ्याची धूळही. गोटे-वाळू बांधामागे अडकते हे बरोबर, पण बारीक चिखल पाण्यासोबत पुढे सरकतोच.

धागाकर्ता:
दोघांचे मनापासून आभार. क्षारतेची जोडी घेतोच. पाण्याचा काळ "सुमारे 100 वर्षं, एका उन्हाळ्याच्या मोजणीवरून" असा लिहितो.

एक शंका अजून आहे. जूनमध्ये ओढे फुगतात तेव्हा सरोवरावर अजून बर्फ असतो, तो जुलैत जातो. मग गढूळ पाणी बर्फाखाली शिरून पसरतं, की काठालगतच्या वितळलेल्या पट्ट्यातच बसतं? हिमालयातल्या सरोवरांवर काम केलेलं कोणी आहे का इथे? तिकडे काय दिसतं?