आमवात, सासूबाई आणि गौरीच्या पुरणपोळ्या : मदत हवी आहे

गावभागातली :

नमस्कार. बरीच वर्षं इथं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

वय ३९. सांगलीत गावभागात राहते. घरात नवरा, सासूबाई आणि अकरा वर्षांची मुलगी. दीर-जाऊ पुण्याला, सणाला येतात. मी एका पतसंस्थेत नोकरीला. २०२०च्या दिवाळीत बोटं सुजायला लागली. सोऱ्या फिरवून धरली असतील म्हणून महिना काढला, मग दुसरा काढला. शेवटी मिरजेला निदान झालं, ऱ्हुमॅटॉईड आर्थरायटिस. आपल्याकडं आमवात म्हणतात तो.

औषध चालू आहे. मेथोट्रेक्सेट दर रविवारी रात्री, सोबत फॉलिक ॲसिड, ठरल्या वेळी रक्ताच्या आणि लिव्हरच्या तपासण्या. त्यामुळं औषधाचे सल्ले नकोत. हळदीचा तर नकोच. हळदीच्या गावात राहते, ती काही कमी पडलेली नाही.

माझा प्रश्न घरातला आहे.

हा आजार रोज सारखा नसतो. सकाळी दीड-दोन तास हात असे आखडतात की गॅसचा लायटर दाबला जात नाही, दुधाची पिशवी कापता येत नाही. अकरा वाजता तीच मी कामावर बसून व्हाउचर लिहीत असते. (काउंटर सोडला. नोटा मोजताना अंगठा साथ देईना.) एखादा आठवडा इतका छान जातो की मलाच वाटतं, गेलं वाटतं सगळं. आणि मग सासूबाई म्हणतात, "काल तर मंडईतनं पिशव्या घेऊन आलीस की!" त्या खोटं बोलत नाहीत. आणल्या होत्याच मी.

शिवाय त्यांचे स्वतःचे गुडघे दुखतात. "मी बसले का कधी?" हे आठवड्यातून एकदा ऐकते. त्यांची झीज वयाची आहे आणि माझ्यात माझीच प्रतिकारशक्ती माझ्या सांध्यांवर उठलीये, हे समजावून दमले. त्यांच्या लेखी दोन्ही वातच.

नवरा कुपवाडच्या एमआयडीसीत, पाळ्या बदलत्या. माणूस चांगला आहे, भांडी घासतो, कणीक मळतो. पण हल्ली न बोलता करतो. पूर्वी बडबड करत करायचा. मी "राहू दे, मी करते" म्हटलं की जास्त गप्प होतो.

आणि मुलगी. ती स्वतःची वेणी घालते, बाटल्यांची झाकणं सैल करून ठेवते, सोमवारी मला मळमळतं म्हणून डबा स्वतः भरते. सगळे कौतुक करतात. मला मात्र परवा भरून आलं. मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली नाही, कारण "तुझा सोमवार आहे ना."

आता गौरी जवळ आल्यात. गेल्या वर्षी कुणाला काही न सांगता पुरण घातलं, पोळ्या लाटल्या, दोन्ही दिवस उभी होते. पुढं दहा दिवस कंगवा धरता येत नव्हता. गौरी माहेरपणाला येतात, तीन दिवस बसून जेवतात, तेवढ्या तीन दिवसांत त्यांच्या सुनांचं काय होतं ते बघत असतील का, असं मनात आलं. असो.

यंदा नाही जमणार हे सांगायचं कसं? आणि त्याहून मोठं म्हणजे रोज सकाळी "आज मी कशी आहे" हे रडगाणं न वाटता घरात कसं पोचवायचं? पावसाळ्यात आमच्याकडं सगळ्यांना कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी किती ते तोंडपाठ असतं. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २०१९ला पाणी ५७च्या वर गेलं तेव्हा धान्याची पोती मी वरच्या मजल्यावर चढवली होती. २०२१ला जिन्यात उभी राहून नुसती बघत होते. पाणी यायच्या आधी अख्खी गल्ली आवराआवर करते, कारण आकडा सगळ्यांना दिसतो. माझा दिसत नाही.

माणदेशी_काका :

ताई, एका वैदूकडं पुड्या मिळतात, आमच्या मेहुण्यांना तीन दिवसांत उतार पडला. पत्ता देऊ का?

वाईची_सून :

काका, रागावू नका, पण तीन दिवसांत उतार म्हटलं की शंका येते. अशा पुड्यांत स्टेरॉईड मिसळल्याचं आढळलेलं आहे. सुरुवातीला सूज झपाट्यानं उतरते, मग हाडं आणि साखर दोन्हींची वाट लागते.

ताई, मला हाच आजार १४ वर्षं आहे. दोनच गोष्टी सांगते.

सासूबाईंना एकदा तुमच्याबरोबर डॉक्टरांकडं न्या. तुम्ही सांगितलेलं ते सुनेचं सांगणं ठरतं, डॉक्टरांनी सांगितलेलं ते आजाराचं. माझ्या सासूबाईंना फक्त एक वाक्य लागलं होतं. झिजलेल्या गुडघ्यांची सकाळची आखड बहुधा अर्ध्या तासात सुटते, हिची तासापेक्षा जास्त राहते. त्यानंतर घरात सकाळचा चहा त्यांच्याकडं गेला.

दुसरं मुलीचं. तिची कामं एकदम काढून घेऊ नका, तिला वाटेल आपण कमी पडलो. पण एक काम तिचं आणि बाकीची मोठ्यांची, असं तिच्यासमोर ठरवा. आणि तिला विचारा, कसली भीती वाटते. माझा मुलगा दोन वर्षं मनात धरून होता की हे त्यालाही होणार. घराण्यात असलं तर शक्यता थोडी वाढते, पण होईलच असं नसतं, एवढं डॉक्टरांनी सांगितल्यावर पोरगं खेळायला गेलं.

पोळ्या विकत आणा. देवीला चालतात.

कोरेगावकर :

मी पलीकडच्या बाजूचा. माझी बायको आजारी असते. तुमच्या यजमानांच्या गप्प बसण्याबद्दल लिहितो, कारण तसाच मी गप्प होतो.

मी रोज विचारायचो, "दुखतंय का?" ती म्हणायची, "नाही." मग दुपारी कळायचं की दुखत होतं. म्हणजे आपल्याला मदतही करू दिली जात नाही आणि मदत केली नाही म्हणून अपराधीही वाटतं. "राहू दे, मी करते" हे वाक्य तुम्ही त्यांचा भार हलका करायला म्हणता. मला ते "तुला जमत नाही" असं ऐकू यायचं. कदाचित त्यांनाही येत असेल.

आमच्याकडं आता ओट्यावर एक वाटी असते. उपडी असली की दिवस वाईट, प्रश्न विचारायचा नाही, सरळ कामाला लागायचं. सुरुवातीला आमच्या मातोश्री कुणी उपडी ठेवली म्हणून ती सुलटी करायच्या, त्यात आठवडा गेला.

आणि एक. तिच्या आजाराला आता कंटाळलोय हे मी एकदा मोठ्यानं बोललो. वाटलं, मोडलं सगळं. ती म्हणाली, "मीपण."

गावभागातली :

सगळ्यांचे आभार. काकांचेही, पत्ता मात्र नको.

गेल्या शनिवारी सासूबाईंना मिरजेला नेलं. वीस मिनिटांतली पंधरा त्यांनी स्वतःच्या गुडघ्यांवर घेतली. मी मनात म्हटलं, संपलं. पण निघताना डॉक्टरांनी माझा हात टेबलावर ठेवायला लावला आणि बोटांच्या मुळाशी दाबून दाखवलं. माझ्या तोंडातून आवाज निघाला. परत येताना रिक्षात सासूबाई विश्रामबागेपर्यंत बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "एवढं असतंय तर कंगवा मागायचा न्हाईस का? मी घातली असती वेणी."

वाटीचं मुलीला वाचून दाखवलं. तिला वाटी पटली नाही. तिनं फ्रिजवर पट्टी चिकटवलीये, २० ते ६० फूट, आणि एक चिमटा. सकाळी उठून मी चिमटा लावते. काल ४२ होता. नवऱ्यानं बघितला, काही न बोलता कणीक घेतली, आणि मग परातीत हात असतानाच कारखान्यातल्या कुणाची तरी गोष्ट सांगायला लागला. मी "राहू दे" म्हटलं नाही. अवघड गेलं.

मुलीला भीतीबद्दल विचारलं. वाईच्या ताई, तुमच्या मुलासारखंच निघालं. पुढच्या खेपेला तिलाही नेणार आहे.

गौरींचं अजून पूर्ण ठरलेलं नाही. जाऊबाईंना फोन झाला, त्या एक दिवस आधी येतील. सासूबाई नैवेद्याच्या पाच पोळ्या स्वतः करणार म्हणतात, बाकीच्या बाहेरून, पण सोवळ्यात केलेल्याच हव्यात हा हट्ट कायम आहे. तर गावभागात किंवा विश्रामबागेत सोवळ्यात पुरणपोळ्या करून देणारं कुणी माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. साधारण चाळीस लागतील.