प्रत्यारोपणानंतरची पॅराथायरॉईड : गोळी की शस्त्रक्रिया?

कोपरखैरणेकर : काल येथे लिहिले गेले की, नवे मूत्रपिंड बसले की पॅराथायरॉईड (रक्तातले कॅल्शियम सांभाळणाऱ्या गळ्यातल्या छोट्या ग्रंथी) आपोआप ताळ्यावर येते आणि त्या ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया सुचवणारे डॉक्टर केवळ घाबरवतात. माझ्या वडिलांच्या प्रत्यारोपणाला दोन वर्षे झाली, क्रिएटिनिन १.२ आहे, म्हणजे मूत्रपिंड नीट चालते, तरीही वाढलेले कॅल्शियम ११.४ च्या खाली येत नाही. नऊ वर्षांच्या डायलिसिसमध्ये फुगलेल्या ग्रंथी एवढ्यावर गप्प बसत नाहीत.

नौपाडा : ते मीच लिहिले होते. माझे कॅल्शियम वर्षभरात उतरले. उतरले नसते, तर सिनाकॅल्सेट ही कॅल्शियम उतरवणारी गोळी घेतली असती. गळ्यावर सुरी कशासाठी?

कोपरखैरणेकर : वर्षभर थांबावे, हे मलाही मान्य आहे, पण त्यानंतरही थांबायचे, तर हाडांतून निघालेले कॅल्शियम त्याच नव्या मूत्रपिंडात साचू शकते. स्पेनमधील चाचणीत (२०१६) शस्त्रक्रिया झालेल्या १५ पैकी १५ जणांचे कॅल्शियम वर्षअखेरीस पूर्ववत होते, गोळी घेणाऱ्या १५ पैकी १० जणांचे.

ऐरोली : आकडे राहू द्या. माझी पत्नी भजनी मंडळात गाते. शस्त्रक्रियेनंतर तीन महिने तिचा आवाज बसला होता, आणि स्वरयंत्राची नस त्या ग्रंथींना लागूनच जाते, हे आम्हाला आधी कोणीही सांगितले नव्हते. एकादशीला ती टाळ घेऊन नुसती बसून राहिली, ते मला आजही आठवते.

नौपाडा : मी हेच तर म्हणत होतो!

ऐरोली : माझ्या पत्नीचे दुःख तुमच्या बाजूने वापरू नका. तिचा आवाज परत आला, हाडांचे दुखणेही थांबले. माझा राग न सांगण्यावर आहे. दुसऱ्या रात्री तिच्या ओठांभोवती मुंग्या आल्या आणि हाताची बोटे चोचीसारखी आखडली. भुकेली हाडे रक्तातले कॅल्शियम ओढून घेत होती. सलाईनमधून कॅल्शियम सुरू होईपर्यंत मी तिची बोटे चोळत बसलो होतो.

नौपाडा : ‘केवळ घाबरवतात’ हे शब्द मी मागे घेतो, त्याहून अधिक काही नाही. ज्यांचे हृदय भूल सोसणार नाही, त्यांना गोळीच हवी.

कोपरखैरणेकर : त्यावर माझा वाद नाही. ऐरोलीकर, कॅल्शियम दर किती तासांनी तपासत होते, ते कृपया कळवा. बाबांना सोमवारी दाखल करायचे आहे.

ऐरोली : पहिले दोन दिवस दर सहा तासांनी. रात्रीची तपासणी चुकणार नाही, हे आधीच विचारून घ्या.